न भाजलेला वाडगा

मंगळवारी सकाळी वायरमन काका मातीच्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा वर्ग चालवणाऱ्या ताईंच्या कडेवर त्यांची तान्ही ढमी होती, मोकळ्या हातात मातीचा गोळा होता आणि दातांत केसांची पिन होती. त्यामुळे "या" म्हणायला जरा वेळ लागला.

"आत येत नाही," काका म्हणाले. "चपलांना चिखल लागेल."

"काका, इथं चिखल न लागलेल्याला आत घेतच नाहीत," निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. ते गेले सात महिने पेनं ठेवायचा एकच डबा घडवत होते.

काका हसले नाहीत. त्यांच्या काखेत घडी घातलेला एक मऊ, जुना टॉवेल होता. "आमच्या हिचा वाडगा न्यायला आलोय," ते म्हणाले. "ती म्हणाली होती, वाळला की भाजतात, मग घरी आणते. आता ती काही आणायची नाही. म्हटलं, आपणच जावं."

टेलर मावशी वाडग्यासाठी मातीची वळी, दोरीसारखी लांब, वळत होत्या, त्यांचे हात थांबले. काकूंना जाऊन दोन महिने झाले होते. आठवड्यातून दोनदा त्या या वर्गाला यायच्या. त्यांचं एकही भांडं टेबलावर सरळ बसत नसे आणि त्याचं त्यांना काडीइतकंही वाटत नसे. उलट, सरळ भांडं करणाऱ्यांची त्यांना काळजी वाटायची. काका मात्र इथं कधीच आले नव्हते. संध्याकाळी काकूंच्या नखांतली माती बघून ते फक्त म्हणायचे, "झालं का खेळून?"

वाडग्याचं काय झालं होतं, ते खोलीत एकट्या ताईंना माहीत होतं. 'चिठ्ठी नसलेली वस्तू महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पाण्यात जाईल' असा नियम त्यांनीच मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला होता. न भाजलेली माती पाण्यात घातली की तासा-दोन तासांत तिचा चिखल होतो. तो चिखल मळला की पुन्हा नवी माती. वर्ग असाच चालायचा. गेल्या शेवटच्या शुक्रवारी ढमीला दात येत होते. तिला कडेवर घेऊन, तिच्या रडण्याला होकार देत देत, ताईंनी एका हातानं फळी रिकामी केली. अकरा वस्तू. संध्याकाळी ढमीची मूठ उघडली, तर तिच्यात चघळून लगदा झालेली चिठ्ठी. काकूंच्या अक्षरातले चारच शब्द शाबूत होते : 'टाकू नका, घरी न्यायचाय'.

ताई बादलीकडे धावल्या होत्या. बादलीत नुसतं दाट, गढूळ पाणी होतं. ज्यांचा वाडगा त्याच नाहीत, आता विचारायला कोण येणार, असं स्वतःला बजावून त्यांनी तो चिखल जुन्या मातीत मळला. अर्धी माती पिंपात ठेवली आणि अर्धी नेहमीप्रमाणे टेकडीवरच्या मुखवट्यांच्या वर्गाला पाठवली.

आणि आता विचारायला आलं होतं. टॉवेल घेऊन.

"काका, तो अजून भाजायचाय," ताई म्हणाल्या, आणि तोंडातली पिन खाली पडली. "भट्टी बिघडलीय."

भट्टी विजेवरची होती, आणि खोटं बोलताना समोरच्या माणसाचा धंदा कोणता ते बघावं, हे त्यांना त्या घाईत सुचलं नाही.

"बिघडलीय?" काकांची मान वर झाली. "मग बोलवायचं नाही का? अडतीस वर्षं वायरमन होतो मी. आलोच पेटी घेऊन."

ते वळले तसं ताईंनी सगळ्यांना सगळं सांगून टाकलं. मग पोस्टमास्तर म्हणाले, "म्हणजे वीस मिनिटांत आपल्याला चांगली चालती भट्टी बिघडवायचीय."

"त्यापेक्षा खरं सांगा की," मावशी म्हणाल्या.

"सांगा. तुम्हीच सांगा."

"मी का? मी बुडवलाय?" मावशींनी हात पदराला पुसले. "तो टॉवेल बघितलात ना. मला नाही जमायचं."

टॉवेल सगळ्यांनीच बघितला होता. पोस्टमास्तर उठले, भट्टीमागच्या पेटीतला फ्यूज काढला, रुमालानं पुसला आणि मावशींच्या बटणांच्या डब्यात टाकला.

काका आले, भट्टीची पाठ उघडली आणि आत डोकं घालून म्हणाले, "ही भट्टी आहे की उंदरांचं प्रसूतिगृह? आणि यातला फ्यूज कुठाय?"

"उडाला," पोस्टमास्तर म्हणाले.

"मास्तर, फ्यूज उडतो म्हणजे जागच्या जागी जळतो. पाखरासारखा उडून जात नाही."

पोस्टमास्तर आपला डबा घडवू लागले. काकांनी नवा फ्यूज घातला, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कुरतडलेल्या वायरी बदलल्या, सैल झालेलं सगळं आवळलं, गंज खरवडला. तीन तासांनी त्यांनी बटण दाबलं आणि भट्टी कधी नव्हे इतक्या समंजस आवाजात गुणगुणू लागली.

"घाला आता वाडगा," काका म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. "मी थांबतो."

ताई ढमीचं लाळेरं सोडून पुन्हा बांधू लागल्या. तेव्हा मावशींनीच, ज्या खरं सांगा म्हणत होत्या त्यांनीच, झटक्यात सांगितलं, "वाडगा इथं नाहीये हो. प्रदर्शनाला गेलाय. पुलापलीकडे, फोटोवाल्यांकडे."

"न भाजता?"

"न भाजलेल्या वस्तूंचंच प्रदर्शन आहे," पोस्टमास्तर म्हणाले.

पुलापलीकडच्या फोटोवर्गाशी आणि टेकडीवरच्या मुखवटेवर्गाशी या लोकांचं नातं भाऊबंदांसारखं होतं, म्हणजे वस्तू एकमेकांच्या वापरायच्या आणि परत मिळत नाहीत म्हणून कुरकुरायचं. भट्टी इथं, फोटो धुवायची अंधारी खोली पुलापलीकडे आणि ऊन येणारं अंगण टेकडीवर. एकाचं दुसऱ्यावाचून अडायचं, म्हणून तिघांचं चाललं होतं. ताईंनी फोटोवाल्याला घाईनं फोन केला. फोटोवाला मुळात हुशार. काका बसमधून उतरून दारात पोचले तेव्हा त्यानं सांगितलं, "अरेरे, सकाळीच टेकडीवर पाठवला. मुलांना चित्र काढायला हवा होता. तुम्ही आलाच आहात तर हा आमचा लाल दिवा बघता का? दोन वर्षं फडफडतोय."

टेकडीवरच्या सरांनी सांगितलं, "आत्ताच खाली गेला बघा. चुकामूक झाली. काका, ही शाळेची घंटा वाजत नाही."

असे आठ दिवस गेले. काका रोज पेटी घेऊन निघायचे. पुलापलीकडून टेकडीवर, टेकडीवरून खाली. वाडगा कायम त्यांच्या एक पाऊल पुढे. पण लाल दिवा स्थिर झाला, घंटा वाजू लागली, आणि 'तुमचा तिपाई-स्टँड आमच्याकडेच आहे, चोरीला गेलेला नाही' असे निरोपही इकडून तिकडे पोचू लागले. रात्री जेवता का, असं तिन्ही वस्त्यांतली माणसं काकांना विचारू लागली. काका म्हणायचे, जेवतो. ते खरं नव्हतं हे त्यांच्या शर्टाच्या सैल होत चाललेल्या कॉलरवरून दिसत होतं.

आणि इथं सगळा वर्ग खोटा वाडगा करायला बसला होता. फोटोवाल्यानं काकूंचा एक फोटो शोधून दिला होता : काकू डोळे मिटून हसतायत आणि त्यांच्या ओंजळीत तो वाडगा, एक काठ वर, एक खाली, जणू कोणाचं तरी बोलणं कान देऊन ऐकतोय. तो फोटो मध्ये ठेवून सगळ्यांनी हात घातला. पण तितका वाकडा कोणालाच जमेना. पोस्टमास्तरांचा वाडगा झुकायचा, पण साहेबांसमोर झुकल्यासारखा. मावशींनी तीन केले, तिन्ही देखणे.

"चाळीस वर्षं मापात कापड कापलेला हात हा," मावशी वैतागून म्हणाल्या. "वाकडं जायचं म्हटलं तरी शिवण धरून जातो. काकूंना कसं जमायचं देव जाणे."

"त्यांचं लक्ष गप्पांत असायचं," पोस्टमास्तर म्हणाले.

मग सगळ्यांच्याच लक्षात आलं, वर्गात बऱ्याच दिवसांत गप्पा झाल्या नव्हत्या.

शेवटी ताईंनी घरी, ढमीला मांडीवर झोपवून, वळीवर वळी रचत एक वाडगा केला. ढमीनं झोपेत एक लाथ मारली आणि काठ बरोबर हवा तिथं खाली बसला. तो वाळवला आणि काकांनीच नीट केलेल्या भट्टीत भाजला. शुक्रवारी काकांना निरोप गेला : वाडगा आला, घेऊन जा.

काका स्वच्छ शर्ट घालून आले. त्यांनी आधी नळावर हात धुतले, पुसले, मग वाडगा दोन्ही हातांत घेतला.

"छान आहे," ते म्हणाले. "मी कधी बघितलाच नव्हता. पुरा झाल्याशिवाय दाखवणार नाही म्हणायची."

पोस्टमास्तरांनी ताईंकडे बघितलं. ताईंनी मावशींकडे. बघितलाच नव्हता. आठ दिवस, बारा वाडगे, आणि त्यांना कुठलाही चालला असता.

पण काकांचं बोट वाडग्याच्या बुडापासून वळीवरून फिरत वर चाललं होतं. ते मध्येच थांबलं. पुन्हा बुडाशी जाऊन पुन्हा वर आलं, स्क्रूचे आटे तपासावेत तसं.

"हे उजव्या हाताचं काम आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"वळी कुठल्या बाजूनं चढते बघा. सरळ आटे आहेत, साध्या स्क्रूचे असतात तसे." ते शांतपणे समजावत होते, शिकाऊ मुलाला समजवावं तसे. "आमची ही डावखुरी. सगळं उलटं फिरवायची. बरणीचं झाकण उलट्या बाजूला आवळायची आणि उघडत नाही म्हणून मला हाक मारायची. जन्मभर मी तिची झाकणं उघडली. ती असा वाडगा करणार नाही."

त्यांनी वाडगा टेबलावर ठेवला. रागानं नाही. परक्याचं मूल खाली ठेवावं तसा, सांभाळून.

ताईंनी मग सगळं सांगितलं. चिठ्ठी, ढमी, बादली, भट्टी, फ्यूज. मध्येच मावशींनी त्यांच्या कडेवरून ढमीला घेतलं. काकांनी एकदाही अडवलं नाही. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "ती माती कुठाय?"

"अर्धी या पिंपात. अर्धी टेकडीवर गेली, मुखवट्यांना."

"यातली तिची वेगळी काढता येईल?"

"नाही काका."

"गाळून वगैरे?"

"नाही. सगळी एक झालीय."

काका पिंपाशी उभे राहिले. आत हात घालून त्यांनी मातीला एकदा नुसता तळवा टेकवला. "मग सगळीच नेतो," ते म्हणाले.

नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. हातगाडीवर पिंप चढलं. ताई मागून फक्त इतकंच म्हणाल्या, "सुकू देऊ नका, काका." दुपारी काका टेकडीवर गेले. भट्टी गेले आठ दिवस खोट्या वाडग्यासाठी अडलेली, त्यामुळे बावीसच्या बावीस मुखवटे भिंतीशी कच्चेच उभे होते. काका एकेका मुखवट्यासमोर थांबत गेले. मुलांनी विचारलं, काय शोधताय? काही नाही, म्हणाले. निघताना सरांना म्हणाले, "हे बावीस तेवढे भाजू नका."

पुढच्या मंगळवारी वर्ग भरला, तर वर्गात मातीच नाही.

"आता काय, हवेचे वाडगे करायचे?" पोस्टमास्तर म्हणाले. थोडा वेळ सगळे स्वच्छ हात घेऊन बसले. मग मावशी उठल्या, त्यांच्यामागे सगळे, आणि अख्खा वर्ग काकांच्या दारात जाऊन उभा राहिला.

दोन खोल्यांचं घर. ओट्यावर एकच ताट, एकच पेला, पालथे. पिंप स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी ठेवलेलं, जिथं उजेड चांगला येतो तिथं. ताईंनी झाकण काढलं. आतल्या मातीत होडी सोडता आली असती.

"काका, यात पाणी कोण घालतं?"

"मी. तुम्हीच म्हणालात, सुकू देऊ नका." काका पुढे झाले. "सकाळी घालतो, संध्याकाळी घालतो. दुपारी हात लावून बघतो. जरा कोरडी लागली तर पुन्हा घालतो." त्यांनी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. "फार झालं का?"

"थोडंसं," ताई म्हणाल्या.

दिवसभर त्यांनी ती माती फळ्यांवर, पाटांवर, बिजागरीतून काढलेल्या एका दारावर पसरली आणि पंख्याखाली सुकवली. संध्याकाळपर्यंत ती मळण्याजोगी झाली, तेव्हा काका म्हणाले, "करा काय करायचं ते. पण इथं करा. आणि भाजू नका. झालं की पुन्हा यात टाका."

असा वर्ग कुणी ऐकला नसेल. मंगळवारी आणि शुक्रवारी काकांच्या खोलीत वस्तू व्हायच्या आणि संध्याकाळी पिंपात जायच्या. पोस्टमास्तरांचा डबा अखेर पुरा झाला आणि त्याच दिवशी विरघळला. "घरचे सात महिने विचारत होते, कधी होणार," ते म्हणाले. "आता दर मंगळवारी होतो." वस्तू बुडायच्या आधी फोटो काढायला फोटोवाले पूल ओलांडून यायचे. टेकडीवरची मुलं यायची. काकांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. ओट्यावर पेल्यांची गर्दी झाली, कुणाकुणाचे राहून गेलेले, एकाला एक न जुळणारे. काका स्वतः मात्र मातीला हात लावायचे ते फक्त ती ओली आहे ना बघायला.

भट्टी तिकडे थंड पडली होती. ताईंनी विषय काढला नाही. काढायचा हक्क त्यांना वाटत नव्हता.

मग एका गुरुवारी टेकडीवरची एक मुलगी काकांकडे आली. असेल नऊ-दहा वर्षांची. तिच्या बाबांचं काम दुसऱ्या गावाला गेलं होतं आणि रविवारी घर हलणार होतं. तिच्या हातात तिचा मुखवटा होता.

"काका, मी हा नेऊ?"

"ने की."

"कच्चा नेला तर सामानात फुटेल. सर म्हणाले, भाजायला तुम्हाला विचारावं लागतं."

वर्ग नसतानाही आलेल्या ताई ढमीला भरवत होत्या, त्यांचा हात तसाच राहिला. काकांनी मुखवटा घेतला. एक भुवई वर, तोंड अर्धवट उघडं.

"कोण आहे हा?"

"कोणी नाही. मी हसरा केला होता. वाळताना असा झाला." मुलीनं थोडा विचार केला. "यात तुमच्या काकू आहेत ना? आम्हाला माहितीये."

"असतील. नसतीलही."

"मग असं करा, कान काढून ठेवून घ्या," मुलगी म्हणाली. "कान मी नंतर चिकटवलेत. निघतात."

काकांनी एका कानाला बोट लावून बघितलं. "कान राहू दे," ते म्हणाले. "लागतील."

शुक्रवारी सकाळी त्यांनी स्वतः मुखवटा भट्टीत ठेवला आणि स्वतः बटण दाबलं. दिवसभर ते स्टुलावर बसून होते. मावशींनी डबा आणला, तो त्यांनी खाल्ला. सगळा.

शनिवारी भट्टी निवल्यावर मुखवटा बाहेर आला, तांबूस, टणक, टिचकी मारली की वाजणारा. मुलीनं तो चेहऱ्याला लावून बघितला. केला तेव्हा हनुवटीपर्यंत यायचा, तो आता ओठांशीच संपला.

"लहान झाला," ती म्हणाली.

काका दचकून ताईंकडे वळले. "माझं काही चुकलं का? आच जास्त झाली?"

"नाही काका. वाळताना आणि भाजताना माती आवळते. पाणी निघून जातं ना तिच्यातलं."

"पाणी."

"हो."

"म्हणजे गेलं ते पाणीच. माती?"

"माती तेवढीच, काका."

काकांनी मान हलवली. मुलीला यातलं काही पडलेलं नव्हतं. ती मुखवटा नाकावर दाबून, मान इकडेतिकडे करून बघत होती. "मला होत नाही," ती आतून म्हणाली, "पण आवाज बघा कसा येतो."

भाजलेल्या मातीतून तिचा आवाज घुमून, जरा मोठ्या बाईसारखा येत होता. काका गुडघ्यावर हात टेकून खाली बसले, तिच्या उंचीला.

"पुन्हा बोल," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही."

मुलीला एकदम काही सुचेना. मग तिनं नव्या घराचा पत्ता सांगायला सुरुवात केली, गल्ली, जिना, दाराचा रंग, सावकाश, पाठ केल्यासारखा. आणि पत्ता संपल्यावर काका म्हणाले, लक्षात नाही राहिला, परत सांग.